काचेपलीकडचे हात

४ मार्च

चिरंजिवास,

आशीर्वाद पाठवते आहे, पण ते लागू पडायचे तर आधी हे पत्र वाचावं लागेल. फोनवर तू मला दोन वाक्यांत गुंडाळतोस. पोचलीस का, गोळ्या घेतल्यास का, ठेवतो. मुलीचं नाव काढलं की तुला लगेच लिफ्टच्या कामाला जायचं असतं. म्हणून पत्र. पत्र मध्येच कापता येत नाही. फाडता येतं, पण तू फाडणार नाहीस. जळालेली बटणं आणि तुटके स्प्रिंगसुद्धा डब्यात जपून ठेवणारा माणूस तू.

अक्षर लागलं नाही तर मोठ्याने वाच, म्हणजे लागेल. चौथीतून उठून मी मागावर गेले, तेव्हापासून पेनाशी फार संबंध आला नाही.

या परक्या मुलखात मी नीट पोचले. तुझी लेक न्यायला आली होती. कशी आहे ते तू विचारलं नाहीस, म्हणून सांगत नाही. पोट पुढे आलंय एवढं आपोआप दिसतं, त्याला माझा इलाज नाही.

घर असं आहे. खाली तुझ्या व्याह्याचं काचेचं दुकान. मागच्या खोलीत तो झोपतो, वर दोन खोल्यांत ही आणि हिचा नवरा. दुकानात काचा भिंतीला लावलेल्या लाकडी खणांत उभ्या ठेवतात. आडवी ठेवली तर आपल्याच वजनाने फुटते म्हणे. मधोमध मोठं टेबल, त्यावर जुनी घोंगडी अंथरलेली. म्हातारा त्यावर काच ठेवतो, पट्टी लावतो, छोट्या चाकाच्या पेनासारख्या हत्याराने एक रेघ ओढतो. कर्र. मग काच टेबलाच्या कडेला आणून नुसती दाबतो आणि ती निमूट दोन होते. आपल्याकडे भाऊसुद्धा इतक्या निमूट वेगळे होत नाहीत. सगळ्या घराला जवसाच्या तेलाचा वास आहे, काच चौकटीत पक्की बसवायची लांबी मळायला ते लागतं.

आणि हा माणूस बोलत नाही. बोलतो, पण हाताने. त्याचं कारणही मला कळलं. खिडकीला काच बसवताना एक जण आत असतो आणि एक बाहेर. काच लागली की आवाज बंद. मग बाप बाहेरून बोटं नाचवतो आणि मुलगा आतून. वर, खाली, जरा दाब, सोड. तेच दोघं जेवतानाही तसंच बोलतात, मध्ये काच नसली तरी. मला मागाच्या खात्याची आठवण झाली. तिथेही खडखडाटात आम्ही बायका हातानेच बोलायचो, आणि मुकादमाला शिव्याही हातानेच.

आता मुद्दा. तू मला शपथ घातलीस म्हणून मी हिला एक अक्षर बोललेले नाही. पण तुला आठवण करून देते, कारण माणूस आपलंच सांगितलेलं विसरतो. लग्नाच्या जेवणात या माणसाने तुझ्यासमोर येऊन हिच्याकडे बोट केलं आणि मग तेच बोट आपल्या कानशिलावर दोनदा आपटलं. भरल्या हॉलमध्ये तुझ्या मुलीला वेडी ठरवलं. तू दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने परत आलास. तिला कारण सांगितलं नाहीस, कारण ते तिच्या तोंडावर सांगायचं म्हणजे तूच तिला वेडी म्हटल्यासारखं झालं असतं. ती समजते, तुला नवरा पसंत नाही. वर्ष झालं, तसंच समजून आहे.

पण इथे येऊन मला दुसरंच कळलं. हा म्हातारा तुझ्यावर रागावलाय. हिनेच सांगितलं, मुलाला त्याने साफ बजावलंय, 'त्या माणसाला माझ्या घरात आणायचं नाही.' का, ते सांगत नाही. मुलाने विचारलं तर म्हणाला, सुनेच्या देखत बोलण्यासारखं नाही.

म्हणजे अपमान त्याने केला आणि रुसूनही तोच बसलाय. हे काय गणित आहे ते कळल्याशिवाय मी इथून हलणार नाही. मी बाळंतपणाला आले आहे असं सगळ्यांना वाटतं, ते वाटू दे.

वरच्या खोलीत एक जास्तीची खाट टाकलीय. कोणासाठी म्हणून विचारलं, तर म्हणाली कपडे ठेवायला. त्यावर एक रुमालसुद्धा नाही.

कुंड्यांना पाणी घाल. गॅस बंद केलास का ते दोनदा बघ.

आई


११ मार्च

चिरंजिवास,

तुझी चिठ्ठी मिळाली. 'तब्येतीला जप, बाकी ठीक.' पोस्टाच्या पाकिटाला तुझ्या मजकुरापेक्षा जास्त डिंक लागला असेल.

इथे माझी शाळा पुन्हा सुरू झालीय आणि मी रोज नापास होते. पहिल्या दिवशी नातजावयाने भांडं पुढे करून विचारलं, अजून वाढू का. मी आपली हो म्हणून मान डोलावली, आपण डोलावतो तशी, इकडून तिकडे. त्याने मुकाट्याने भांडं उचलून आत नेलं. अर्धपोटी उठले. इथे आडवी मान म्हणजे नाही. आता मी दाणे टिपणाऱ्या कोंबडीसारखी वरखाली मान करते, तर जास्त वाढतो. आणि या बापलेकांचं स्वतःचं 'नाही' तर आणखी वेगळंच. नुसती हनुवटी वर करतात आणि जिभेने टक् करतात. मला वाटायचं, तोऱ्यात आहेत.

मोजायचंही तसंच. मी पेरांवर मोजते. तुझी लेकही लहानपणी तशीच मोजायची. तर हिचा नवरा कितीतरी वेळ माझ्या अंगठ्याकडे बघत होता आणि मग हिला हळूच म्हणाला, 'आजींची बोटं दुखतात का? मलम आणू?' भला मुलगा आहे. तुला पसंत नसेल तर तुझं नशीब.

मोठी गंमत रविवारी झाली. गंमत म्हणजे तेव्हा नव्हती.

म्हातारा किटली घेऊन सगळ्यांना कॉफी ओतत होता. माझा पेला भरत आला, मी पुरे म्हणून हात पुढे केला. पाची बोटं उघडी, तळहात त्याच्याकडे. कोणीही करेल. तर तो तिथल्या तिथे थांबला. कानापर्यंत लाल झाला. किटली टेबलावर ठेवली, ठेवली कसली, आपटली, आणि दुकानात निघून गेला. मला वाटलं, माझ्या हाताला काही लागलंय की काय. बघितलं तर स्वच्छ.

'आजी,' ही म्हणाली, 'असा पंजा तोंडासमोर धरायचा नाही इथे.'

'का? पंजाने काय घोडं मारलंय?'

'त्याचा अर्थ फार वाईट होतो.'

'किती वाईट?'

तिने माझ्या कानात सांगितलं. मी लिहिणार नाही. मागाच्या खात्यात तीस बायकांत उभं आयुष्य काढलेली मी, पण ती शिवी मलाही नवीन होती.

मग ही खाली गेली आणि त्याला समजावलं, की म्हातारीला माहीत नव्हतं, आमच्याकडे त्याचा अर्थ नुसता 'पुरे'. मी जिन्यावरून बघत होते. त्याने लगेच मान हलवून सोडून द्यायला हवं होतं. सोडलं नाही. काच पुसायचं फडकं हातात धरून उभाच. मग हिला काहीतरी विचारलं. ही हो म्हणाली. परत विचारलं, परत ही हो म्हणाली.

वर आल्यावर मी विचारलं, काय म्हणत होता?

'विचारत होते, तुमच्याकडे सगळेच असं करतात का. पुरुषही करतात का.'

'मग?'

'मी म्हटलं, सगळेच. बाबा तर कायम.'

'तेव्हा काय म्हणाला?'

'काही नाही. स्वतःच्या हाताकडे बघत बसले.'

आता तू सांग. त्या लग्नाच्या जेवणात तुला कोणी आग्रह करून वाढलं होतं का? तुझी सवय मला माहीत आहे. नको असलं की तू तोंडाने बोलत नाहीस, वाढणाऱ्याच्या नाकासमोर पंजा धरतोस. लहानपणापासून. याचं उत्तर लिही. 'बाकी ठीक' लिहू नकोस.

हिचे पाय जरा सुजलेत. तू विचारलं नव्हतंस, पण शाई उरली होती.

आई


१९ मार्च

चिरंजिवास,

उत्तर नाही. म्हणजे वाढलं होतं. तुझं गप्प राहणं मला वाचता येतं, त्याला चौथी पुरते.

तरी कानशिलाचं कोडं सुटत नव्हतं. पंजा तू नंतर दाखवला असशील, कानशिलावर बोट त्याने आधी आपटलं. हिला विचारलं असतं तर एका मिनिटात कळलं असतं, पण तू शपथेचं कुलूप घालून किल्ली घेऊन बसलायस. म्हटलं, ठीक आहे. डोळे तर उघडे आहेत.

बुधवारी एक बाई मोडकी चौकट घेऊन आली. तिला काच हवी होती आणि चौकट तिरकी, एक कोपरा बुटका. म्हातारा पट्टी घेऊन डोकं खाजवत होता. ही आपलं पोट सांभाळत खुर्चीतून उठली, एक जुना पुठ्ठा घेतला, चौकटीवर ठेवून पेन्सिलीने आतून रेघ मारली आणि कापून त्याच्या हातात दिला. या मापाची काप. त्याने पुठ्ठा चौकटीत बसवून बघितला. चपखल. आणि मग त्या बाईकडे वळून त्याने हिच्याकडे बोट केलं आणि तेच बोट कानशिलावर आपटलं. दोनदा.

मी बसल्या जागी ताठ झाले. हातात फडकं होतं ते त्याच्या तोंडावर फेकणार होते. पण त्याचं तोंड बघितलं आणि थांबले. बाबा रे, तुला पहिला नंबर मिळाला तेव्हा तुझा बाप गल्लीत असंच तोंड करून फिरत होता. ती बाईही हिच्याकडे बघून कौतुकाने मान हलवत होती. वेड्या माणसाकडे असं कोणी बघत नाही.

पण एका वेळेवर माझा विश्वास नाही. मागाचा धागा एकदा बरोबर बसला म्हणजे दुसऱ्यांदा बसतो असं नाही. म्हटलं, परीक्षा घेऊ. त्याची.

गुरुवारी मी मुद्दाम येडचापपणा केला. काच पुसायला बसले आणि कोरडं फडकं बाजूला ठेवून तेलाच्या बोळ्यानेच काच पुसायला लागले. जितकी पुसावी तितकी घाण. म्हातारा आला, बघत राहिला. मी म्हटलं, आता आपटेल बोट. नाही. त्याने हाताचा पंखा करून स्वतःच्या तोंडासमोर वरखाली हलवला, माशा हाकलल्यासारखा, आणि गाल फुगवून फूस केलं. म्हणजे वेडं माणूस दाखवायचं ते असं.

शुक्रवारी शहाणपणा केला. काचेवर वाळलेली लांबी निघत नव्हती, तो पात्याने खरवडत होता. मी त्याचा हात बाजूला केला, गरम पाण्याचं फडकं त्यावर ठेवून दिलं, जरा वेळाने नखाने काढली. त्याने नखाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि टक टक. कानशिलावर.

म्हणजे सत्तरी ओलांडल्यावर मला प्रथमच कोणी हुशार म्हटलं आणि तेही आपल्याकडच्या वेड्याच्या खुणेने.

कळलं का? तुझ्या लेकीला तो वेडी म्हणाला नव्हता. भरल्या हॉलमध्ये तिच्या बापासमोर उभा राहून म्हणाला होता, पोरीला डोकं आहे.

पण मग तो तुझ्यावर इतका का पेटलाय, ते अजून पुरतं हाती आलेलं नाही. एकट्या पंजाने माणूस वर्षभर धुमसत नाही. आणखी काहीतरी आहे.

हिला चार दिवस हवा बदलायला दुसरीकडे ठेवलंय, नवरा सोबत आहे. काळजीचं काही नाही. लिहिण्यासारखं काही नाही.

आई


२२ मार्च

चिरंजिवास,

दोघं बाहेर, त्यामुळे घरात मी आणि काचवाला. त्याला माझी भाषा येत नाही, मला त्याची येत नाही, आणि मध्ये बोलायला कोणी नाही. यापेक्षा सोयीचं काय असणार? जे सुनेच्या देखत बोलता येत नव्हतं, ते आता बोलता येणार होतं.

दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. मी टेबलासमोर स्टूल ओढून बसले. त्यालाही बहुतेक तेच हवं होतं, कारण त्यानेच सुरुवात केली. नाकाखाली दोन्ही बोटं ठेवून बाजूला ओढली आणि वर पिळली. तुझ्या मिशा. एवढ्या मोठ्या नाहीत, पण रागात माणसाला मोठ्या दिसत असतील.

मी माझं पोट थोपटलं. होय, माझाच.

मग त्याने पोटासमोर मोठी गोलाई काढली. तुझी लेक. आणि कानशिलावर टक टक. मिशीवाल्याला त्याने हे सांगितलं. मिशीवाल्याने काय केलं? म्हाताऱ्याने गाल फुगवले, डोळे बारीक केले. अगदी तूच. मला हसू आलं, पण दाबलं.

मग त्याने दाखवलं की तो स्वतः मोठा चमचा घेऊन मिशीवाल्याच्या ताटात वाढायला गेला. पाहुणा गप्प का, म्हणून आणखी मान द्यायला. आणि मिशीवाल्याने... पुढचं करताना त्याने पंजा उघडला आणि लगेच दुसऱ्या हाताने झाकला, बाईमाणसासमोर नको म्हणून. मी मान हलवली. कोंबडीसारखी.

आता पुढचं ऐक. तोही काही कमी नाही. त्याने शिवी दिली. तुझ्या तोंडावर. कोणती? अंगठा आणि पहिलं बोट जोडून गोल केला, बाकीची बोटं ताठ. ही इथली दुसरी मोठी शिवी, पंजाच्या दिवशीच हिने मला सांगून ठेवलं होतं. आणि मिशीवाला काय करतो? म्हाताऱ्याने टेबलावर हात आपटला. मिशीवाला हसतो, आणि दोन्ही हातांनी तोच गोल करून परत दाखवतो. दोन्ही हातांनी. चारशे माणसांत.

मी स्टुलावरून पडायची राहिले. तू मला काय सांगितलं होतंस आठवतंय का? 'शेवटी त्याला चूक कळली असावी, हाताने छान छान करायला लागला. मीही चारचौघांत तमाशा नको म्हणून छान केलं.' अरे माझ्या सोन्या, ज्याच्यावर तू वर्षभर चिडलास ते कौतुक होतं, आणि ज्याला तू हसून दाद दिलीस ती शिवी होती. दुप्पट करून परतही केलीस.

मी हसलेलं त्याला आवडलं नाही. आता माझी पाळी होती. मी कानशिलावर बोट आपटलं आणि मग केस विस्कटले, जीभ बाहेर काढली, डोळे फिरवले. आमच्याकडे हे म्हणजे हे. तो बघत राहिला. परत केलं. त्याने आधी पोटाची गोलाई काढली, मग माझे विस्कटलेले केस दाखवले, भुवया वर. तिला? मिशीवाल्याला वाटलं, मी तिला असं म्हणालो? मी म्हटलं, होय. त्याने दोन्ही हात डोक्यावर ठेवले. तेवढं मात्र सगळीकडे एकच दिसतंय.

मग पंजा. चमचा, ताट, पोट टम्म, पंजा. पुरे. हे त्याला आधीच अर्धं कळलेलं होतं. मग गोल. मी गोल केला आणि काहीतरी झकास खाल्ल्यासारखं तोंड केलं, डोळे मिटून. तो माझ्या बोटांकडे बघतच राहिला. मग आपल्या बोटांकडे. त्याचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडतोय की काय, म्हातारी माणसं कशावरही रडतात. हसत होता. आणि हसता हसताच चिडला, कारण एवढी जंगी शिवी, आयुष्यात एकदाच दिलेली, फुकट गेली होती.

हसून झाल्यावर तो उठला. नाकाखालून बोटं ओढली, मिशा. मग जाऊन दुकानाच्या दाराच्या दोन्ही फळ्या सताड उघडल्या. एरवी एकच उघडी असते, दुसरी फक्त मोठी काच आणताना उघडतात. तिथेच उभा राहून माझ्याकडे बघत होता, हे त्याला कळव म्हणून.

तर कळवते आहे. दार उघडलं. त्याचा राग गेला, तुझं कारण गेलं. आता आला नाहीस तर मी समजेन की हाताची भानगड नव्हतीच, दुसरंच काही होतं, आणि ते तू मलाही सांगितलेलं नाहीस.

शपथेतूनही मी मोकळी झाले असं मी ठरवलंय. ती परत आली की सांगणार.

आई


३ एप्रिल

चिरंजिवास,

तुझं पत्र आलं. पहिल्यांदाच पान उलटावं लागलं. 'व्याह्यांचं समजलं, त्यांना नमस्कार सांग, माझंही चुकलं. पण आई, तेवढंच नव्हतं. फोटो काढताना तिने मला लांबून एका बोटाने बोलावलं. तळहात वर, बोट आत. आपल्याकडे असं कुणाला बोलावतात तुला माहीत आहे. तिला काही वाटलंसुद्धा नाही. मी गेलो. फोटोत हसतोय बघ.'

फोटो बघितला. हसतोयस. दात दुखताना हसावं तसा.

म्हणजे हे होतं. व्याही उगाच बडवला गेला.

तुझं खोटं नाही. ती मलाही तसंच बोलावते. पहिल्या दिवशी स्टेशनवर तिने बोट आत वळवून मला ये म्हटलं तेव्हा मी जागची हलले नाही, म्हटलं कोणाला बोलावतेय ही, मागे कुत्रं आहे का. पण मी तुझ्यासारखी आत गिळून बसत नाही. विचारलं. तर हसून हसून सांगत होती. नोकरीला लागली तेव्हा ती आपल्यासारखीच बोलवायची, तळहात खाली, चार बोटं हलवून. इथे तसा हात केला की त्याचा अर्थ 'चल, नीघ.' बसस्टॉपवर मैत्रिणीला ये म्हटलं, ती मागे फिरून चालू लागली. ऑफिसात शिपायाला बोलावलं, तो दार लावून निघून गेला. परक्या गावात एकटी मुलगी, ज्याला बोलवावं तो निघून जातोय. शेवटी तिने हात उलटा केला. हसत सांगत होती, म्हणून मीही हसले. नंतर नाही हसले.

आता माझं. हवा बदलायला ठेवलीय असं लिहिलं होतं ते खोटं. दवाखान्यात आहे. रक्ताचा दाब वाढला, पाय सुजले होते ते त्यामुळेच. नवरा तिथेच बाकावर झोपतो. तू विचारत नव्हतास आणि मी सांगत नव्हते, दोघंही सारखेच हट्टी, त्यात तिचा काय दोष? डॉक्टर म्हणतात धोका टळलाय, पण घरी पाठवत नाहीत. मूल आता कधीही. त्या दाबामुळे तारखेची वाट बघणार नाहीत म्हणे.

वेडीची आणि शिवीची सगळी गोष्ट मी तिला तिथेच सांगितली. ती हसली नाही. म्हणाली, 'बाबांनी मला विचारलं का नाही?' मी म्हटलं, कारण तुझा बाप लिफ्ट दुरुस्त करतो, दोन मजल्यांच्या मध्ये अडकून बसायची त्याला सवय आहे. त्यावर जराशी हसली. बोटाचं मात्र मी सांगितलेलं नाही. ते तुझं तू सांग, समोर बसून.

काल दुपारची गोष्ट लिहिते आणि थांबते, पेन माझ्या बोटांना झेपत नाही.

तिच्या पोटात दुखायला लागलं. कळाच आहेत असं वाटलं, नंतर डॉक्टरांनी तपासून खोट्या ठरवल्या, पण त्या वेळी कोणाला माहीत. नवरा औषध आणायला खाली गेला होता. मी दाराजवळच्या खुर्चीवर होते, डोळा लागला होता. नर्स पलंगापाशी उभी. चांगली बाई आहे, रागीट पण हात हलका. तर कळ आली आणि हिने डोळे मिटून हात उचलला. तळहात खाली. चारही बोटं हलवली. दाराच्या दिशेने, ये ये ये, अगदी आपल्यासारखं. एवढ्या वर्षांत उलटा करून घेतलेला हात, दुखताना आपला आपण सुलटा झाला.

नर्सने तो हात बघितला. तिला वाटलं, मुलगी म्हणतेय जा. पडदा सारखा केला आणि गेली.

मी उठले. गुडघे कुरकुरत होते तरी धावले म्हण. तिचा हात धरला, म्हटलं, 'आले गं, आले.'

तिने डोळे उघडले, मला बघितलं आणि म्हणाली, 'तू नाही, आजी.'

मला जरा लागलंच. एवढी धावत आले होते. पण ती माझ्याकडे बघत नव्हती, माझ्या मागे दाराकडे बघत होती. हात अजून तसाच, तळहात खाली, हलत होता.

कळ गेली, झोपली. मी परत खुर्चीवर येऊन बसले. खुर्ची दाराला लागूनच आहे. तू आलास की मी उठते.

आई